जुनी मोटारसायकल म्हणजे भंगार नव्हे!

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि १४ तालुके. पश्चिमेला अकोल्याचे सह्याद्रीचे कडे, तर पूर्वेला जामखेड-पाथर्डीची कोरडी माळराने. या जिल्ह्यात ज्याला गावोगाव फिरायचे आहे, त्याला एसटीच्या वेळापत्रकावर विसंबून चालत नाही. शेवटची मुक्कामी गाडी गेली की वस्तीवर पोहोचण्याचे साधन एकच, मोटारसायकल. मग तो दूध घालणारा असो, मुकादमाकडे पगाराचा हिशेब मागायला निघालेला मजूर असो, तारखेला कोर्टात येणारा पक्षकार असो की रात्री-अपरात्री एखाद्या वस्तीवरून निरोप येताच निघणारा चळवळीचा कार्यकर्ता असो. ही मोटारसायकल बहुतेक वेळा शोरूममधून काढलेली नसते. ती दुसऱ्या, तिसऱ्या, कधी चौथ्या मालकाच्या हातची असते. बुलेट, राजदूत, येझदी अशा पंचवीस-तीस-चाळीस वर्षांच्या गाड्या आजही या जिल्ह्यात धावतात. त्या छंद म्हणून धावत नाहीत, गरज म्हणून धावतात.

गेल्या काही वर्षांत या जुन्या गाड्यांवर तीन बाजूंनी दाब आला आहे. नोंदणी नूतनीकरणाची फी वाढली, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आणि गाडी दुरुस्त करणारे जाणते हात कमी होत चालले. वर्तमानपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्यांत नव्या गाड्यांची रंगीत वर्णने भरपूर येतात. जुनी गाडी नीट कशी चालवावी, ती कायद्यात कशी बसवावी, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आजचा हा लेख.

नगरचे आणि दुचाकीचे नाते

आधी थोडा इतिहास. मद्रासमध्ये १९५५ साली इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीशी करार होऊन बुलेट भारतात तयार होऊ लागली. १९७० मध्ये इंग्लंडमधले उत्पादन संपले; मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनवली, तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत खेड्यापाड्यांत दुधाच्या किटल्या वाहण्यासाठीच जन्माला आली होती असे वाटावे, इतकी ती तिथे रुळली.

नगरला स्वतःची ओळखही आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ साली आली, ती याच नगरच्या कारखान्यातून. ज्यांच्या घरात सायकलपलीकडे काही आले नव्हते, अशा किती कुटुंबांत पहिले इंजिन लुनाच्या रूपाने आले! शिवाय वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'व्हीआरडीई', नगरलाच आहे. देशात नवे वाहन रस्त्यावर येण्याआधी ते नियमात बसते की नाही हे तपासण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत तिचे नाव आहे. ज्या शहरात अशी संस्था आहे आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत, त्या शहरात जुन्या गाडीला जाणता मिस्त्री मिळू नये, हे शोभणारे नाही.

प्रदेश तसे दुखणे

जुन्या गाडीच्या देखभालीचा पहिला नियम असा की गाडी कुठे चालते ते पाहावे. कंपनीची पुस्तिका सगळ्यांना सारखी असते. अकोल्याचा पाऊस आणि जामखेडची धूळ सारखी नसते.

पाथर्डी, जामखेड, कर्जत या भागांत धूळ हा शत्रू. हवेचा फिल्टर धुळीने कोंडला की इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त मिळते. गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज पडते. फाटक्या फिल्टरने काम भागवले तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि बोअर-पिस्टन घासून काढते. शंभर-दोनशे रुपयांच्या भागासाठी पुढे बोअरचे काम निघते. या भागात फिल्टर दर महिन्याला काढून झटकावा.

अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात धो धो पाऊस. तिथे पाणी पॉइंट आणि प्लगकॅपमध्ये शिरते. पॉइंटच्या झाकणाचे पॅकिंग चांगले असावे, प्लगकॅपचे रबर फाटलेले नसावे. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाऊन ब्रेक लागत नाही. अशा वेळी पुढे काही अंतर ब्रेक हलका दाबत गाडी चालवावी, म्हणजे लायनर तापून सुकतात.

नेवासे, शेवगावची काळी जमीन पावसात मडगार्ड आणि चाकामध्ये अशी भरते की चाक फिरेनासे होते. कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याने मडगार्ड थोडे उंच बसवून घ्यावे. चेन धुऊन, सुकवून तेल दिल्याशिवाय गाडी उभी करू नये. मातीत माखलेली चेन चक्रीचे दात खाते.

राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर हा उसाचा पट्टा. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नाहीत, दिवा तर नाहीच. जुन्या राजदूत-येझदीला सहा व्होल्टचा दिवा. त्याच्या पिवळ्या मिणमिणत्या उजेडात उभी ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जुन्या गाडीवर दुसरे काही करा न करा, बारा व्होल्टची वायरिंग आणि चांगला दिवा एवढे करूनच घ्या. अपघात दावा प्राधिकरणासमोर वकील म्हणून उभे राहताना उजेडाचा प्रश्न किती जीवघेणा आहे, हे कागदोकागदी दिसते.

बुलेटची नाडी

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटची गोष्ट वेगळी. तिला ऐकावे लागते. किक मारण्याचीही पद्धत आहे. चावी लावल्यावर ॲमीटरकडे बघत किक हळूहळू दाबावी. काटा उणेकडून मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर आला. मग डिकॉम्प्रेसरची कळ दाबून किक किंचित पुढे न्यावी, कळ सोडावी आणि पूर्ण किक मारावी. ही पद्धत ज्याला ठाऊक नाही त्याला बुलेट पाय मोडणारी वाटते. ज्याला ठाऊक आहे, त्याची गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला उठते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, हे नव्या चालकाला गाडी देण्याआधी जरूर सांगावे.

या इंजिनाचे ऑइल इंजिनाच्या पोटातल्याच टाकीत असते. एक पंप ते वर पाठवतो, दुसरा परत आणतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ऑइल टाकीतून झिरपून खाली क्रँकच्या भागात उतरते. मालक काडी काढून पाहतो, ऑइल कमी दिसते, तो वरून अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू होताच धूर आणि ब्रीदरमधून ऑइलची पिचकारी! खरा उपाय साधा आहे: गाडी काही मिनिटे चालवावी, ऑइल टाकीत परतू द्यावे आणि मगच पातळी पाहावी. ऑइल २०-५० ग्रेडचे, दोन-तीन हजार किलोमीटरला बदललेले आणि सोबत आतला कापडी फिल्टरही बदललेला, एवढे पथ्य पाळले तर हे इंजिन माणसाचे आयुष्य पुरते.

टॅपेट नेहमी इंजिन थंड असताना बसवावे. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेज लावूनच. डोळ्याच्या अंदाजाने ठेवलेला गॅप उन्हात तापल्यावर दगा देतो. मागच्या चेनला मधोमध २५ ते ३० मिलिमीटर ढील असावी, आणि ती माणूस गाडीवर बसलेला असताना मोजावी. आवळलेली चेन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते, सैल चेन चढावर उतरते.

प्लग हा इंजिनाचा जबाब आहे. तो विटकरी असेल तर सर्व ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त येते. ओला काळा असेल तर ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह पाहावेत. पांढुरका असेल तर इंजिन गरम चालते आहे, पेट्रोल कमी मिळते. चांगला मिस्त्री आधी प्लग काढून पाहतो. वाईट मिस्त्री आधी इंजिन खोलतो. मिस्त्री निवडताना एवढी खूण पुरे.

टू-स्ट्रोकचे शास्त्र

येझदी आणि राजदूत टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाला ऑइल मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेले. म्हणजे पेट्रोल बंद, तर ऑइलही बंद! संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, पाथर्डी रस्त्याचा करंजी घाट किंवा छत्रपती संभाजीनगर रस्त्याचा इमामपूर घाट उतरताना पुष्कळ जण पेट्रोल वाचवायला ॲक्सिलेटर पूर्ण सोडतात आणि गाडी गिअरमध्ये उतरू देतात. इंजिन फिरत राहते, ऑइल मिळत नाही, पिस्टन जाम होतो. उतारावर मधूनमधून ॲक्सिलेटर द्यावा, म्हणजे सिलिंडरला ऑइल पोहोचते.

या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते. गाडी चढावर दमते, तेव्हा माणसे कार्बोरेटरला दोष देतात. आधी सायलेन्सरची आतली नळी काढून पाहावी. क्रँकचे ऑइल सील गेले असेल तर दोन लक्षणे. गिअर ऑइल इंजिनात ओढले गेले तर पांढरा धूर सुटतो आणि गिअरचे ऑइल गुपचूप कमी होते. बाहेरची हवा ओढली गेली तर गाडी आपोआप रेस होते आणि तापते. दुसरे लक्षण अधिक घातक. त्यात इंजिन रस्त्यातच जाम होऊ शकते.

दर वर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीला आपले शेकडो तरुण मोटारसायकलने निघतात. नगरहून कोरेगाव सुमारे नव्वद किलोमीटर, नागपूर त्याच्या कितीतरी पट. जुन्या गाडीने निघायचे तर आठ दिवस आधी चेन, ब्रेक लायनर, टायर आणि दिवा तपासून घ्यावा. सोबत क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर, एक प्लग, एक ट्यूब, पॉइंट-कंडेन्सरचा जोड आणि पान्ह्यांची पिशवी असावी. हेल्मेट दोघांनाही. तिघे बसून जाणे हे अभिवादन नव्हे!

टाकीतला ऊस

आता इथेनॉलकडे. १९५० साली लोणी-प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे हा जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. त्या साखरेबरोबर येणारी मळी आणि ऊस यांपासूनच इथेनॉल बनते. पाथर्डी-जामखेडच्या ऊसतोड मजुराने तोडलेला ऊस आता त्याच मजुराच्या जुन्या मोटारसायकलच्या टाकीत येऊन पडतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य आधी २०३० चे होते. ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठल्याचे केंद्राने जाहीर केले.

देशाचे परकीय चलन वाचते, शेतकऱ्याला उसाचा पैसा मिळतो, हे खरे. पण जुन्या गाडीला याचा काय त्रास होतो, हेही खरेच सांगितले पाहिजे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की वीस टक्के मिश्रणासाठी न बनवलेल्या दुचाकीचे ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा करताना हेही मान्य केले की काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील. ते काम स्वस्त आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे. बिनमिश्रणाचे पेट्रोल मिळण्याचा पर्याय ठेवा, अशी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. म्हणजे पंपावर निवड नाही. सोय आपणच केली पाहिजे.

सोय अशी. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे बसते आणि पत्र्याला गंज धरतो. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी. रोजची गाडीही रात्री कॉक बंद करून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पेट्रोलचा पाइप, कॉकचे वायसर, फ्लोटच्या सुईचे टोक आणि कार्बोरेटरचे ओ-रिंग हे जुने रबर फुगते, चिरते. ते एकदाच इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, शिवाय मिश्रण पातळ पडते आणि प्लग पांढुरका दिसू लागतो. तसे दिसले तर कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा करून पाहावा. टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑइल आणि पेट्रोल टाकीत न ढवळता बाहेर डब्यात नीट एकजीव करून मगच ओतावे.

कायदा काय म्हणतो?

'पंधरा वर्षे झाली, आता गाडी बाद' असा एक समज गावोगाव पसरला आहे. काही दलाल तो मुद्दाम पसरवतात आणि चांगली गाडी मातीमोल भावात उचलतात. हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते, आणि त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. वयावर बंदीची गोष्ट दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्राची आहे. पंधरा वर्षांची सरकारी वाहने भंगारात काढण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आला, तोही सरकारी वाहनांपुरता. महाराष्ट्रातल्या खाजगी मोटारसायकलला तो लागू नाही.

मात्र पैसे वाढले आहेत. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाची फी तीनशेवरून एक हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने वीस वर्षांवरील मोटारसायकलला ती दोन हजार झाली. पंधरा वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी दोन हजार रुपये, तो वेगळा. मुदत टळली तर दर महिन्याला तीनशे रुपये जादा. म्हणून मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो करावा. २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरपाटीही लावावी लागते. दुचाकीसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक कर इतका ठरला होता. त्याहून अधिक कोणी मागितले तर पावती मागा.

सर्वांत मोठा धोका नावाचा. आपल्याकडे जुनी गाडी हातोहात विकली जाते. 'सह्या करून ठेवल्या आहेत, नंतर नावावर करून घे' म्हणत व्यवहार होतो आणि ते 'नंतर' कधीच येत नाही. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले की अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. गाडी तीन हात पुढे गेली असली तरी! त्यात विमा नसेल तर भरपाईची रक्कम थेट त्या माणसाच्या घरावर, जमिनीच्या तुकड्यावर येते. विम्याशिवाय गाडी चालवण्याचा पहिला दंड दोन हजार रुपये. पण खरी शिक्षा दंडाची नसते, भरपाईच्या हुकमाची असते. तृतीय पक्ष विमा दर वर्षी वेळेत भरा, हे हात जोडून सांगावेसे वाटते.

जुन्या बाजारातून इंजिन आणून बसवण्याआधीही विचार करा. इंजिन आणि चासी नंबर नोंदणीपत्राशी जुळलाच पाहिजे. इंजिन बदलण्याखेरीज इलाज नसेल तर आधी आरटीओ कार्यालयात जाऊन परवानगी आणि नोंदीचे पाहावे, आणि जुन्या इंजिनाची पक्की पावती जपावी. ती नसेल तर चोरीच्या मालाचा संशय पहिल्यांदा कोणावर येतो, हे आपल्या वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावणाऱ्या पोरांनीही ध्यानात घ्यावे की बेकायदा फेरफाराला कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

एकाचा वारसा, दुसऱ्याचे भंगार

१५ जुलै २०२१ रोजी केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी वीस हजार रुपये भरून या यादीत नोंदवता येते. तिला वेगळी नंबरपाटी मिळते, ती दहा वर्षे चालते. अट एवढीच की ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, मेळावा यांसाठीच आणायची. जुन्या वस्तू जपाव्यात, याला आमचा विरोध नाही. पण न्याय पाहा. जो गाडी चालवत नाही, बंगल्यात झाकून ठेवतो, त्याची गाडी राष्ट्राचा वारसा. आणि जो त्याच काळातली गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून रोज कामावर नेतो, त्याची गाडी प्रदूषणाचे कारण, भंगाराचा माल! वस्तूचे मोल ती कोणाच्या दारात उभी आहे यावर ठरवायचे, ही या देशाची फार जुनी खोड आहे.

जुनी गाडी धूर सोडते, हे मान्य. पण धूर वयाने सुटत नाही, दुर्लक्षाने सुटतो. नीट रिंगा बसवलेली जुनी गाडी आणि ऑइल न बदललेली सात वर्षांची गाडी शेजारी उभ्या करून पीयूसी काढा, उत्तर मिळेल. तपासणी कडक हवी, जरूर हवी. ती धुराची असावी, मालकाच्या खिशाची नको. फी वाढवून गाडी सुधारत नाही. गाडी सुधारते मिस्त्रीच्या हाताने.

ज्याला जात नाही असा धंदा

आणि म्हणून शेवटचा मुद्दा त्या हातांचा. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. सुताराचा मुलगा सुतार, चर्मकाराचा मुलगा चर्मकार. मोटार दुरुस्ती हा असा धंदा आहे की तो कोणत्याही स्मृतीत कोणाच्या वाट्याला लिहून ठेवलेला नाही. इंजिन आले ते जातीच्या बाहेरून आले. गावच्या नाक्यावरच्या गॅरेजात मुस्लिम, बौद्ध, मातंग, मराठा पोरांचे हात एकाच काळ्या ऑइलने माखतात आणि गिऱ्हाईक गाडीचा आवाज ऐकून माणूस निवडतो. ही लहान गोष्ट नाही.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या तरुणांना सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत तांत्रिक उमेदवारी मिळावी, अशी मागणी केली होती. बॅरिस्टर माणूस यंत्रशाळेतली जागा मागत होता, कारण यंत्राचे ज्ञान म्हणजे बलुत्यातून सुटका हे त्यांना दिसत होते. आज उलटे काय घडते ते बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, टोपल्या विणणारे वगैरे. कारागिरांना मदत मिळते, चांगले आहे. पण ज्याने बापाचा धंदा सोडून पान्हा हाती धरला, त्या मोटारसायकल मिस्त्रीला या यादीत जागा नाही. पिढीजात धंद्यात राहिलास तर मदत, त्यातून बाहेर पडलास तर तुझे तू बघ, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला काय उत्तर आहे?

गॅरेजचे कौतुक करताना त्यातला अंधारही झाकायचा नाही. नाक्यावरच्या गॅरेजात 'छोटू' असतोच. शाळा सोडलेला, पगाराऐवजी चहा-वडा मिळणारा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा आहे. पोराने काम शिकावे, पण शाळा करून आणि पुढे आयटीआयच्या दारातून शिकावे, म्हणजे त्याच्या हाती पान्ह्याबरोबर प्रमाणपत्रही येईल. आणि ज्या चाळीस-पन्नास वर्षांच्या मिस्त्रीला सगळे येते पण कागद नाही, त्याला पूर्वज्ञानाच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. ती नाक्यापर्यंत पोहोचवणे हे आपल्या तालुका कार्यकर्त्यांचे काम आहे.

सुट्या भागांचाही प्रश्न आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. भाग किती वर्षे पुरवायचे, दुरुस्तीची पुस्तिका साध्या मिस्त्रीला द्यायची की नाही, हे बंधनकारक झाल्याशिवाय हक्क कागदावरच राहील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याचा फायदा नाक्यावरच्या दुकानात दिसतो का, हे प्रत्येकाने बिल मागून तपासावे.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. रोजीरोटीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या दुचाकीला, तपासणीत उतरली तर, नूतनीकरणाची फी माफक ठेवा. इथेनॉलचे मिश्रण आणताच आहात तर जुन्या दुचाकींचे रबरी भाग बदलून देण्याची शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी घ्या. ज्या कारखान्यांना इथेनॉलचा पैसा मिळतो, त्यांनी त्याचा खर्च उचलावा. उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल तर ती वजनकाट्यावर घेऊ नका. दुचाकी मिस्त्रीला कारागिरांच्या यादीत घ्या. आणि आपण आपले काम करावे: गाडी नावावर करावी, विमा भरावा, ऑइल बदलावे, मिस्त्रीचे पैसे बुडवू नयेत. येत्या हंगामात ज्या गावात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतील, तिथल्या आपल्या शाखांनी एक रविवार काढून जाणत्या मिस्त्रीला बोलवावे, वस्तीतल्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि कागद तपासून घ्यावेत. त्या एका रविवाराने किती घरांचे कर्ते पुरुष आणि कर्त्या बाया सुखरूप परत येतील, याचा हिशेब कोणत्याही फीच्या तक्त्यात बसणार नाही.